दुसऱ्या देशाच्या खुर्चीवर

आंतरराष्ट्रीय राजकारण पुस्तकातून शिकणारा विद्यार्थी 'अभिरूप संयुक्त राष्ट्रसभे'त प्रथमच एखाद्या परक्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसतो, तेव्हा नेमके काय घडते? या उपक्रमाची रीत, त्यातील खाचाखोचा आणि तीन ऐतिहासिक तहांची साक्षीदार असलेल्या वसईतील विद्यार्थ्याला त्यातून काय मिळू शकते, याचा हा परिचय.

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची महाराष्ट्राला अपूर्वाई नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत 'बोलणाऱ्या' मुलांना आपल्याकडे व्यासपीठ मिळत आले आहे. या परंपरेत गेल्या काही वर्षांत एका वेगळ्या उपक्रमाची भर पडली आहे. त्याचे नाव 'मॉडेल युनायटेड नेशन्स'. विद्यार्थी त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'मन' असा करतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जसे अभिरूप न्यायालय असते, तशी ही अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा. दोन-तीन दिवस चालणाऱ्या या परिषदेत प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश नेमून दिला जातो आणि परिषद संपेपर्यंत त्याने त्या देशाची भूमिका मांडायची असते.

वादविवाद स्पर्धेत आणि या परिषदेत एक मूलभूत फरक आहे. वादविवादात समोरच्याला निरुत्तर केले की काम संपते. येथे समोरच्याला निरुत्तर करून काहीच साधत नाही, कारण अखेरीस त्याचेच मत आपल्या ठरावाला हवे असते. जिंकण्यापेक्षा जुळवून घेणे कठीण असते, हा या उपक्रमाचा पहिला धडा होय.

मुंबईतील नामांकित शाळा-महाविद्यालयांत अशा परिषदा आता सरावाच्या झाल्या आहेत. वसई-विरारच्या विद्यार्थ्याला मात्र अनेकदा त्यासाठी चर्चगेटच्या दिशेने जाणारी लोकल पकडावी लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. मनातले अंतर त्याहून मोठे असते. 'तिथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणारे असतील, आपला निभाव लागेल का?' हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा खेळ काय आहे, ते समजून घेणे योग्य ठरेल.

मूळ कुठले?

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघाची स्थापना झाली. त्याच दशकात अमेरिकेतील विद्यापीठांत राष्ट्रसंघाच्या कामकाजाची अभिरूप सत्रे भरू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची जागा संयुक्त राष्ट्रसंघाने घेतली आणि विद्यार्थ्यांच्या सत्रांनीही नवे नाव धारण केले. शालेय विद्यार्थ्यांसाठी हेग येथे १९६८ मध्ये सुरू झालेली परिषद जगभरात नावाजली गेली. भारतात याच जातीचा एक उपक्रम सरकारने पूर्वीच हाती घेतला होता. दिल्लीतील शाळांमध्ये १९६६-६७ मध्ये युवक संसद स्पर्धा सुरू झाल्या. आज भारतातील अनेक अभिरूप परिषदांत सुरक्षा परिषद किंवा मानवी हक्क परिषदेच्या जोडीला लोकसभा किंवा सर्वपक्षीय बैठकही असते, ती बहुधा याच ओढीतून. न्यूयॉर्कइतकीच दिल्लीही आपल्या मुलांना खुणावते.

देश वाट्याला येतो

नावनोंदणी करताना विद्यार्थी आपल्या पसंतीचे देश आणि समित्या कळवतो. अमेरिका, रशिया, चीन, भारत यांच्यावर साहजिकच सर्वांचा डोळा असतो. हे देश बहुधा अनुभवी विद्यार्थ्यांकडे जातात आणि नवख्याच्या वाट्याला एखादा लहान देश येतो. नकाशावर बोट ठेवूनही सापडू नये, असा. पहिली निराशा येथेच पदरी पडते.

ती अनाठायी आहे, हे सांगायला प्रशांत महासागरातील वानुआतू या द्वीपराष्ट्राचे उदाहरण पुरेसे आहे. २०१९ मध्ये तेथील 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक'च्या आवारात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली. हवामानबदलाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी कोणती, हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? वानुआतूच्या सरकारने ती कल्पना उचलून धरली. समुद्राची पातळी वाढल्यास ज्यांचे अस्तित्वच पणाला लागणार, अशा राष्ट्रांना सोबत घेतले. पुढे शंभराहून अधिक देश सहप्रस्तावक झाले आणि २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने तो ठराव एकमताने संमत केला. न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी आपले सल्लारूप मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. वर्गात उमटलेला एक प्रश्न सहा वर्षांत हेगच्या न्यायासनापर्यंत पोहोचला. आमसभेच्या १९३ सदस्यांपैकी प्रत्येकाला एकच मत असते. तेथे लहान देशाचे बळ त्याच्या सैन्यात नव्हे, तर प्रश्न नेमका मांडण्यात असते.

देश निश्चित झाला की अभ्यासाला सुरुवात होते. आयोजक विषयाची ओळख करून देणारी एक पुस्तिका पाठवतात. तिच्या आधारे विद्यार्थ्याने आपल्या देशाचे 'भूमिकापत्र' तयार करायचे असते. येथे नवखा विद्यार्थी हमखास एक चूक करतो. तो देशाची राजधानी, लोकसंख्या, चलन, पंतप्रधानांचे नाव अशी माहिती गोळा करीत बसतो. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत ती उपयोगी पडेल. परिषदेत उपयोगी पडतात ते वेगळेच प्रश्न. या देशाचे पोट कशावर चालते? त्याला कर्ज कोण देतो? त्याचा शेजारी कोण आणि दोघांत पाण्यावरून, सीमेवरून काही वाद आहे काय? या विषयावरील मागील ठरावांवर त्याने कोणत्या बाजूने मत दिले? तो 'जी-७७' किंवा लहान द्वीपराष्ट्रांच्या संघटनेसारख्या कोणत्या गटात आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या देशाच्या भाषणांमागचा हेतू दिसू लागतो.

सभागृहाचे व्याकरण

परिषदेचा पहिला तास हा नवख्यासाठी सर्वांत अवघड असतो. अध्यक्ष मंडळ आसनस्थ होते, हजेरी सुरू होते आणि देशाचे नाव पुकारले की फलक उंचावून उत्तर द्यायचे असते. उत्तरे दोन प्रकारची असतात. 'उपस्थित' असे म्हणणाऱ्याला पुढे ठरावावर तटस्थ राहता येते. 'उपस्थित आणि मतदान करणार' असे म्हणणाऱ्याला मात्र बाजूने किंवा विरुद्ध असे मत द्यावेच लागते. शेजारच्याने जे म्हटले तेच म्हणून बसलेला नवखा विद्यार्थी दोन दिवसांनी मतदानाच्या वेळी पेचात सापडतो, तो असा.

त्यानंतर वक्त्यांची सर्वसाधारण यादी उघडते. प्रत्येकाला साधारण दीड मिनिटाचा अवधी मिळतो. वेळ उरल्यास तो अध्यक्षांकडे परत करता येतो, प्रश्नांसाठी खुला ठेवता येतो किंवा दुसऱ्या देशाला देता येतो. आपला उरलेला अर्धा मिनिट कोणाला द्यावा, हाही एक राजनैतिक निर्णयच असतो. मधूनच कोणी प्रतिनिधी सूचना मांडतो. अमुक उपविषयावर दहा मिनिटे चर्चा व्हावी, प्रत्येक वक्त्याला एक मिनिट मिळावे, अशा स्वरूपाची ही सूचना असते. तिला 'मॉडरेटेड कॉकस' म्हणतात. मराठीत आपण तिला नियंत्रित चर्चा म्हणू. कामकाजाच्या नियमांचा भंग झाला तर हरकतीचा मुद्दा, आवाज ऐकू येत नसेल किंवा पंख्याचा त्रास होत असेल तर व्यक्तिगत सोयीचा मुद्दा, नियम समजला नसेल तर चौकशीचा मुद्दा, असे हे व्याकरण आहे.

नवख्याने यातील एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चौकशीचा मुद्दा हा त्याच्याचसाठी आहे. 'हे मला समजले नाही, कृपया स्पष्ट करावे' असे भर सभेत विचारण्याची अधिकृत सोय ज्या थोड्या ठिकाणी असते, त्यांपैकी हे एक. आपल्या वर्गांमध्ये ती सोय किती विद्यार्थी वापरतात, याचा विचार शिक्षकांनी जरूर करावा.

भाषेचे ओझे

आता इंग्रजीच्या भीतीविषयी. ती खोटी नाही. बहुतेक परिषदांचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे काही तास आपण परक्या घरी आलो आहोत, असे वाटत राहते. तथापि खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघात काय चालते, ते पाहिले तर ही भीती थोडी कमी होते. तेथील अधिकृत भाषा सहा आहेत. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. १९३ देशांपैकी अनेकांच्या प्रतिनिधींची मातृभाषा यांपैकी एकही नसते. ते परभाषेत बोलतात, सावकाश बोलतात, बोलण्यापूर्वी लिहून काढतात. त्यांचे मोल उच्चारांवरून ठरत नाही. अटलबिहारी वाजपेयी यांनी परराष्ट्रमंत्री या नात्याने ४ ऑक्टोबर १९७७ रोजी आमसभेत हिंदीतून भाषण केले, हे तर सर्वश्रुतच आहे.

शिवाय वसईच्या विद्यार्थ्याजवळ एक भांडवल असते, ज्याची त्याला स्वतःलाच कल्पना नसते. येथील कित्येक घरांत कादोडी बोलली जाते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी, महाविद्यालयात इंग्रजी. गाडीच्या डब्यात तर निम्मा भारत भेटतो. एका भाषेतला विचार दुसऱ्या भाषेत पोहोचवताना काय गळते आणि काय टिकवावे लागते, हे तो लहानपणापासून नकळत शिकत असतो. राजनैतिक कामाचा मोठा भाग हाच तर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झाले आणि त्यांनी 'माती, पंख आणि आकाश' हे आत्मकथन मराठीतच लिहिले. गावाकडची भाषा ही परराष्ट्र सेवेच्या आड येणारी गोष्ट नव्हे, याचे यापेक्षा वेगळे प्रमाण नको.

खरी सभा मधल्या वेळेत

पहिल्या दिवशी दुपारी कोणीतरी अनियंत्रित चर्चेची सूचना मांडते. सूचना संमत होते आणि सभागृहाचा नूर पालटतो. सारे उठतात, घोळके जमतात. कोणी खुर्चीवर कागद ठेवून लिहू लागतो, कोणी एका घोळक्यातून दुसऱ्याकडे निरोप नेतो. सभेतील चिठ्ठ्यांची ये-जा आता उघड संभाषणाचे रूप घेते. भाषणात न बोललेला विद्यार्थी येथे अचानक महत्त्वाचा ठरू शकतो, कारण घोळक्यात सर्वांत जास्त गरज असते ती शांतपणे लिहून घेणाऱ्याची.

येथेच ठरावाचा मसुदा आकाराला येतो. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात प्रस्तावनेची कलमे. 'चिंता व्यक्त करून', 'पूर्वीच्या ठरावांचे स्मरण ठेवून' अशा शब्दांनी ती सुरू होतात. दुसऱ्या भागात कृतीची कलमे, म्हणजे कोणी काय करायचे, केव्हा करायचे आणि त्याचा पैसा कोण देणार. मसुदा लिहिणारे देश प्रस्तावक ठरतात. त्यावर केवळ चर्चा व्हावी एवढीच इच्छा असणारे देश स्वाक्षरीकार ठरतात. स्वाक्षरी म्हणजे पाठिंबा नव्हे, ही बारीक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात उशिरा येते. पुढे दुरुस्त्या येतात. प्रस्तावकांना मान्य असलेल्या दुरुस्त्या मसुद्यात सहज मिसळतात, मान्य नसलेल्या मतास टाकल्या जातात.

नवख्याचा कल बहुधा प्रस्तावनेकडे असतो. तेथे मोठमोठे शब्द वापरता येतात. पण जाणता प्रतिनिधी मसुदा हाती पडताच तो मागून वाचू लागतो. बंधन कोणावर पडते, हे कृतीच्या कलमांतच कळते.

एका शब्दाचे मोल

मसुद्यातील शब्दांवरून मुले तासन्‌तास वाद घालताना दिसली की बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. इतिहास तसे सांगत नाही. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तिला हरकत घेतली. पूर्वी मुंबई विधिमंडळाच्या सदस्य राहिलेल्या या विदुषीच्या आग्रहामुळे तेथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे तो जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला गेला, आठ देश तटस्थ राहिले. जगातील अर्ध्या मानवजातीला कलमात स्थान मिळाले ते एका शब्दाच्या बदलाने.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या अखेरच्या घटकेला कोळशाविषयीच्या वाक्यात भारताने बदल सुचवला. टप्प्याटप्प्याने 'बंद करणे' याऐवजी टप्प्याटप्प्याने 'कमी करणे'. बदल स्वीकारला गेला. लहान द्वीपराष्ट्रांनी तीव्र नाराजी नोंदवली. विकसनशील देशाच्या विजेच्या गरजा पाहता भारताची बाजू समजण्यासारखी होती आणि बुडणाऱ्या बेटांचे दुःखही खरे होते. परिषदेत वानुआतूच्या खुर्चीवर बसलेल्या भारतीय विद्यार्थ्याला या प्रसंगी स्वतःच्या देशाविरुद्ध बोलावे लागते. तसे बोलणे हा द्रोह नव्हे. उलट, आपल्या देशाचा निर्णय पलीकडच्या तीरावरून कसा दिसतो, हे त्याला प्रथमच उमगते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला बेटावरच्या माणसाची भीती समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही.

वसईचे तीन मसुदे

मसुदा वाचण्याची ही दृष्टी एकदा आली की वसईचा विद्यार्थी स्वतःच्या गावाकडेही नव्याने पाहू शकतो. वसईच्या नावाशी तीन करार निगडित आहेत आणि प्रत्येकाचा धडा निराळा आहे.

पहिला करार २३ डिसेंबर १५३४ चा. हुमायूनच्या स्वारीच्या धास्तीने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याभोवतीचा प्रदेश पोर्तुगिजांना दिला. 'साँव मतेउश' नावाच्या गलबतावर हा करार झाला. प्रदेशापेक्षाही जाचक होत्या त्या समुद्राविषयीच्या अटी. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस येऊन पोर्तुगीज परवाना घ्यावा आणि परतताना तेथेच जकात भरावी, असे ठरले. एका संकटातून सुटण्यासाठी सुलतानाने आपल्या व्यापाराची किल्लीच दुसऱ्याच्या हाती दिली. पुढे १५३७ मध्ये पोर्तुगिजांच्या भेटीस गेला असता दीवजवळच्या समुद्रात त्याचा अंत झाला.

दुसरा करार १७३९ च्या मे महिन्यातला. चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठी प्राणहानी सोसून किल्ला जेरीस आणला आणि पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मागितल्या. विजयी पक्षाला वाटेल ते लादता आले असते. तरीही पराभूत सैन्याला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मान्य करण्यात आली. विजयाच्या क्षणी संयम दाखवणारे कलम दीर्घकाळ टिकते. आजच्या वसईत चर्चची घंटा आणि देवळाची घंटा एकाच पंचक्रोशीत ऐकू येते, तेव्हा त्या कलमाचे वजन कळते.

तिसरा करार सर्वांना ठाऊक असलेला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव पत्करून दुसरा बाजीराव पुण्यातून निघाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत त्याने इंग्रजांशी तह केला. शालेय पुस्तकात हा तह एका ओळीत आटोपतो. मसुदा म्हणून तो वाचला तर मात्र डोळे उघडतात. शीर्षकात आणि प्रारंभी कायमच्या मैत्रीची आणि परस्पर संरक्षणाची भाषा आहे. कृतीची कलमे वेगळेच बोलतात. किमान सहा हजार पायदळाची कायमची तैनाती फौज. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मान्य. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांची माणसे चाकरीत ठेवावयाची नाहीत. आणि कंपनीशी विचारविनिमय केल्याखेरीज अन्य सत्तेशी वाटाघाटी करावयाच्या नाहीत. शेवटच्या कलमाने पेशव्याचा राजनैतिक आवाजच गेला. मे १८०३ मध्ये बाजीराव पुण्याच्या गादीवर पुन्हा बसला खरा, पण त्याच वर्षी शिंदे-भोसले आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली.

बाजीरावापुढे अन्य पर्याय कोणते होते, यावर इतिहासकार वाद घालतील. विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. घाईत आणि भीतीपोटी केलेल्या स्वाक्षरीची किंमत चुकवावी लागते, आणि ती केवळ स्वाक्षरी करणाऱ्यालाच चुकवावी लागते असे नाही.

नाटकाच्या मर्यादा

या उपक्रमाचे गुण सांगताना त्याचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अनेक परिषदांत पारितोषिकांचे स्तोम माजते. 'सर्वोत्तम प्रतिनिधी' होण्याच्या नादात मुले एकमेकांचे मसुदे पळवतात, घोळक्यात दुसऱ्याला बोलू देत नाहीत, ठासून बोलण्यालाच नेतृत्व समजतात. प्रवेश शुल्क, कोट-टाय, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च सर्वांनाच झेपणारा नसतो. त्यामुळे जगातील विषमतेवर चर्चा करणाऱ्या सभागृहात येणाऱ्यांची निवड खिशावरून होण्याचा धोका असतो. आयोजकांनी शुल्कात सवलत ठेवली आणि महाविद्यालयांनी प्रवासखर्च उचलला, तर हा दोष बराच कमी होईल.

आणखी एक बाब. विद्यार्थ्यांच्या परिषदांतील बरेच नियम अमेरिकी संसदीय परंपरेतून आले आहेत. नियंत्रित आणि अनियंत्रित 'कॉकस' हे प्रकार खऱ्या आमसभेच्या नियमावलीत नाहीत. तेथे अनौपचारिक सल्लामसलती चालतात आणि बहुसंख्य ठराव मतदानावाचून, सर्वसहमतीने स्वीकारले जातात. म्हणूनच खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाने विद्यार्थी परिषदांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत मतमोजणीपेक्षा सहमतीवर भर दिला आहे. आपण जे केले ते हुबेहूब संयुक्त राष्ट्रसंघाचे कामकाज होते, असा समज विद्यार्थ्याने करून घेऊ नये.

सर्वांत नाजूक प्रश्न नैतिक आहे. वाट्याला आलेल्या देशाचे धोरण अन्यायकारक असेल तर त्याचे समर्थन करायचे का? येथे भूमिका समजून मांडणे आणि ती पटणे यांत अंतर ठेवावे लागते. एखादे सरकार तसे का वागते, त्याची भीती कोणती, लोभ कोणता, हे आतून पाहिल्याशिवाय त्याला उत्तरही देता येत नाही. मात्र सभागृहातून बाहेर पडल्यावर विद्यार्थ्याने आपले स्वतःचे मत पुन्हा हाती घेतले पाहिजे. शिक्षकांनी परिषदेनंतर 'तू त्या देशाच्या वतीने जे बोललास, ते तुला पटते का?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी अर्धे शिक्षण पूर्ण होईल.

पहिल्यांदा जाताना

प्रथमच भाग घेणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना.

● नेमून दिलेल्या देशाने त्या विषयावर आजवर केलेले मतदान आधी पाहावे, माहितीकोश नंतर.

● पहिले भाषण एका मिनिटाचे लिहून काढावे आणि घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचावे. त्यात एकच मुद्दा आणि एकच मागणी असावी.

● पहिल्या तासातच एकदा फलक उंचावावा. उशीर होत जातो तसतसा संकोच वाढतो.

● घोळक्यात बोलता येत नसेल तर लेखणी हाती घ्यावी. मसुदा लिहिणाऱ्याला कोणी डावलू शकत नाही.

● ज्या कलमाचा अर्थ समजला नाही, त्याच्या प्रस्तावकांत आपले नाव घालू नये. तेथे मैत्रीची भीड बाळगू नये.

● पारितोषिक न मिळाल्यास खंत करू नये. आपल्या शब्दांतील एक तरी कलम अंतिम ठरावात गेले का, हे पाहावे.

खुर्ची जवळचीही असू शकते

शेवटी एक विचार शाळा-महाविद्यालयांपुढे ठेवावासा वाटतो. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसण्याची ही कला केवळ परराष्ट्रांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही, आणि ती इंग्रजीतच शिकली पाहिजे असेही नाही. पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. डहाणू, पालघर आणि विक्रमगड परिसरातील शेतीला पाणी मिळावे, हा या प्रकल्पाचा मूळ हेतू. पुढे त्यातील पाणी शहरांकडे वळवण्यात आले. प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटरच्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारसाठी १८५ आणि मीरा-भाईंदरसाठी २१८ दशलक्ष लिटरचा वाटा ठरला. नळाला पाणी यावे ही वसई-विरारच्या रहिवाशांची वर्षानुवर्षांची मागणी रास्तच होती. कालव्याकाठच्या शेतकऱ्याचा आणि आदिवासी पाड्याचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे.

एखाद्या शनिवारी वर्गातील बाके गोल मांडून, मराठीतूनच, या विषयावर अभिरूप परिषद भरवता येईल. एकाने महापालिका व्हावे, एकाने पाटबंधारे खाते, एकाने मीरा-भाईंदर. आणि ज्याच्या इमारतीला हे पाणी मिळते, त्याला डहाणूच्या शेतकऱ्याची खुर्ची द्यावी. त्यासाठी कोट-टाय लागत नाही, शुल्क लागत नाही, चर्चगेटची गाडीही पकडावी लागत नाही. संध्याकाळी सर्वांना मान्य होईल असा एक मसुदा निघाला तर उत्तमच. नाही निघाला तरी तो विद्यार्थी घरी जाऊन नळ उघडेल, तेव्हा त्या पाण्यावर आणखी कोणाचा तरी हक्क सांगितला जातो, हे त्याला ठाऊक असेल.